वाचकांचे प्रश्न : ज्योतीचे रंग आणि इलेक्ट्रॉनचा हिशेब

या वेळी सर्वांत जास्त पत्रे अकरावीच्या ‘अणूची रचना’ या धड्यावर आली आहेत. उत्तरे वाचताना एक आकडा हाताशी असू द्या : १२४०. प्रकाशाची तरंगलांबी नॅनोमीटरमध्ये घ्यायची आणि तिने १२४० ला भागायचे. त्या प्रकाशाच्या एका फोटॉनची, म्हणजे प्रकाशाच्या एका कणाची, ऊर्जा इलेक्ट्रॉनव्होल्ट या एककात मिळते. प्लांकचा स्थिरांक, प्रकाशाचा वेग आणि दहाचे सगळे घात त्या एका आकड्यात आधीच जमा झालेले आहेत.

प्रश्न : प्रॅक्टिकलला पोटॅशियम क्लोराइड दिले होते. ज्योत फिकी जांभळी व्हायला हवी होती, पण दर खेपेला पिवळीच झाली. स्ट्रॉन्शियमलाही आधी पिवळी, मग जराशी लाल. क्षारच भेसळीचा असेल का, सर?
— अकरावीची विद्यार्थिनी, फोंडा

उत्तर : असू शकेल, पण क्षारावर संशय घेण्याआधी तार, बोटे आणि बर्नर तपास. घरी पेज उतू गेली की गॅसची निळी ज्योत पिवळी भडकते, ती पेजेतल्या मिठामुळे. प्रयोगशाळेत तारेला घामट बोट लागले तरी तेवढे सोडियम पुरते.

सोडियमच्या सर्वांत बाहेरच्या इलेक्ट्रॉनला ३एस या पातळीतून ३पी या वरच्या पातळीत चढायला २.१ इलेक्ट्रॉनव्होल्ट लागतात. तो खाली उतरला की तेवढ्याच ऊर्जेचा, म्हणजे ५८९ नॅनोमीटरचा पिवळा प्रकाश बाहेर पडतो. सुमारे १५०० अंश सेल्सियसच्या ज्योतीत दहा लाख सोडियम अणूंपैकी एका वेळी जेमतेम तीन अणू असे वर चढलेले असतात. तरीही ज्योत झगझगीत दिसते, कारण चढउतार सतत चालू असतो आणि पिवळा रंग आपल्या डोळ्यांना चांगला दिसतो. पोटॅशियमच्या मुख्य रेषा ७६६ आणि ७७० नॅनोमीटरवर, म्हणजे दृष्टीच्या अगदी काठावर आहेत. त्यामुळे पोटॅशियम भरपूर आणि सोडियम नावापुरते असले तरी डोळ्यांना सोडियमच दिसते.

आता कृती. बर्नरचे हवेचे भोक पूर्ण उघड. ज्योत निळी आणि आत स्पष्ट शंकू दिसला पाहिजे. भोक अर्धवट झाकलेले असेल तर पिवळेपणा येतो तो तापलेल्या काजळीचा, त्यात सोडियमचा काही संबंध नाही. पाच-सहा सेंटिमीटर नायक्रोम तारेच्या टोकाला दोन-तीन मिलिमीटरचे कडे कर. वॉच ग्लासमध्ये तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लाचे पाच-सहा थेंब घे, त्यात कडे बुडव आणि ज्योतीत धर. पिवळा रंग येईनासा होईपर्यंत हेच पुन्हा पुन्हा कर. नेमकी चूक इथे होते. तार धुतलेलेच आम्ल पुढे क्षार कालवायला वापरले जाते, आणि धुऊन काढलेले सगळे सोडियम परत तारेवर येते. क्षाराचा लगदा दुसऱ्या वॉच ग्लासमध्ये, ताज्या आम्लाच्या दोन थेंबांत कर. आम्ल घ्यायचे ते क्षाराचे क्लोराइड व्हावे म्हणून. क्लोराइडची वाफ लवकर होते. बेरियमचे किंवा स्ट्रॉन्शियमचे सल्फेट मात्र आम्लालाही दाद देत नाही, त्यामुळे रंग फिका येतो.

कडे ज्योतीच्या खालच्या भागात, बाहेरच्या कडेला धर. नजर तारेच्या वरच्या ज्योतीवर हवी. तापलेली तार स्वतःच नारिंगी दिसते आणि पुष्कळ जण तोच रंग वहीत लिहितात. पोटॅशियमची जांभळी छटा पहिल्या काही सेकंदांत दिसते, म्हणून निळी कोबाल्ट काच आधीच डोळ्यांसमोर धरून ठेव. ती काच पिवळा रंग शोषते, जांभळा आणि गडद लाल जाऊ देते. प्रत्येक क्षाराला वेगळी तार घे आणि सोडियम सर्वांत शेवटी कर.

आपल्याकडच्या पावसाळ्यात आणखी एक अडचण येते. कॅल्शियम आणि स्ट्रॉन्शियमची क्लोराइडे हवेतले पाणी ओढून ओली होतात. असा क्षार ज्योतीत तडतडतो, कण शेजारच्या बर्नरपर्यंत उडतात आणि तिथली मुले भलताच रंग नोंदवतात. बाटलीचे झाकण लगेच लाव. बेरियमचे विरघळणारे क्षार विषारी आहेत, हात धुतल्याशिवाय जेवणाचा डबा उघडू नकोस. आणि बशांत मिथेनॉल ओतून ‘रंगीत ज्योती’ पेटवण्याचा प्रयोग कुणी सुचवला तर साफ नाही म्हण. पेटत्या भांड्यात पुन्हा स्पिरिट ओतताना बाटलीतून आगीचा लोळ येतो.

जाता जाता : कॅल्शियमचा विटकरी आणि स्ट्रॉन्शियमचा किरमिजी रंग मुख्यतः सुट्या अणूंचा नसतो. ज्योतीत क्षणभर टिकणाऱ्या, धातूचा एक अणू आणि एक हायड्रॉक्सिल गट मिळून झालेल्या रेणूंचा तो प्रकाश असतो. इलेक्ट्रॉन तिथेही चढतो-उतरतो, फक्त घर अणूचे नाही, रेणूचे. परीक्षेत हे लिहायची गरज नाही, पण वर्णपटात कॅल्शियमची एक रेष दिसण्याऐवजी रुंद पट्टे का दिसतात ते यावरून कळेल.

प्रश्न : मॅग्नेशियम आणि बेरिलियम ज्योतीला रंग का देत नाहीत? पुस्तकात ‘इलेक्ट्रॉन घट्ट बांधलेले असतात’ एवढेच आहे.
— अकरावीचा विद्यार्थी, म्हापसा

उत्तर : ते वाक्य बरोबर आहे, त्याला आकडे जोड. मॅग्नेशियमची मुख्य रेष २८५ नॅनोमीटरवर आहे. १२४० भागिले २८५, म्हणजे ४.३५ इलेक्ट्रॉनव्होल्ट. बेरिलियमची २३५ वर, म्हणजे ५.३. दोन्ही अतिनील, प्रकाश पडला तरी डोळ्याला दिसणार नाही. आणि तो पडतोही नगण्य. सोडियमपेक्षा दुप्पट उंच पायरी असली तर चढणारे अणू निम्मे होत नाहीत. त्याच ज्योतीत ते लाखो पटींनी कमी होतात. मॅग्नेशियमची फीत जळताना दिसणारा पांढरा लखलखाट वेगळा, तो तापलेल्या ऑक्साइडच्या कणांचा.

प्रश्न : शाळेत स्पेक्ट्रोमीटर एकच आहे आणि वर्गात मुले चाळीस. जुन्या सीडी-डीव्हीडीपासून वर्णपटदर्शक करता येतो असे ऐकले. नीट चालणारी कृती द्यावी.
— शिक्षिका, डिचोली

उत्तर : चालतो, आणि चांगला चालतो. सीडीवरच्या खाचांमधले अंतर १६०० नॅनोमीटर असते, डीव्हीडीवर ७४०. म्हणून ५४६ नॅनोमीटरचा हिरवा प्रकाश सीडीतून सुमारे २० अंशांत वळतो, डीव्हीडीतून ४७ अंशांत. डीव्हीडीत रेषा जास्त सुट्या होतात, पण बघायला खूप तिरके व्हावे लागते. मुलांच्या हातात आधी सीडीच द्या.

सीडीच्या छापील बाजूवर ब्लेडने एक ओरखडा काढा, त्यावर रुंद चिकटपट्टी दाबा आणि झटक्याने ओढा. चंदेरी थर निघून येतो आणि खाचा असलेले पारदर्शक प्लास्टिक उरते. डीव्हीडी दोन चकत्या चिकटवून केलेली असते. कडेला चाकूचे टोक घालून त्या वेगळ्या करा; लिहिता येणारी डीव्हीडी असेल तर जांभळा रंग स्पिरिटच्या बोळ्याने पुसा. दोन्हींत बाहेरच्या कडेजवळचा दोन सेंटिमीटरचा चौकोन कापा, कारण तिथे खाचा जास्त सरळ असतात. आतल्या भागातला तुकडा घेतला तर रेषा धनुष्यासारख्या वाकतात.

चपलांचा खोका घ्या, साधारण तीस सेंटिमीटर लांबीचा. आतून काळा कागद लावा. न लावल्यास भिंतींवरून परतणारा प्रकाश अंधुक रेषा खाऊन टाकतो. एका टोकाला खिडकी कापून तिच्यावर दाढीच्या ब्लेडचे दोन तुकडे समोरासमोर चिकटवा. मध्ये पोस्टकार्डाची जाडी ठेवून फट बसवा, म्हणजे ती पाव मिलिमीटरच्या आसपास राहते. दुसऱ्या टोकाला डोळ्यासाठी भोक पाडून त्यावर सीडीचा तुकडा लावा. खाचा फटीला समांतर हव्यात. फट उभी असेल तर तुकडाही असा लावा की चकतीची गोल कड उभी येईल. तुकडा नव्वद अंशांत फिरला तर वर्णपट फटीच्या लांबीच्या दिशेने पसरतो आणि रंगांचा नुसता गिचका दिसतो. ‘काहीच दिसत नाही’ अशा तक्रारींतल्या बहुतेक याच चुकीच्या असतात. फट दिव्याकडे करा, भोकाला डोळा लावा आणि नजर सरळ न ठेवता बाजूच्या भिंतीकडे न्या. वर्णपट तिथे दिसेल.

पहिला दिवा सीएफएल किंवा जुनी ट्यूबलाइट घ्या. पाऱ्याच्या ४३६ (निळी) आणि ५४६ (हिरवी) या रेषा ठळक दिसतात, ५७७ आणि ५७९ ची पिवळी जोडीही असते. सीडीत ती जोडी एकच वाटते, डीव्हीडीत फट बारीक असेल तर सुटी होते. ६११ च्या आसपास लाल पट्टी दिसेल ती पाऱ्याची नव्हे, नळीच्या आतल्या भुकटीतल्या युरोपियमची. या ओळखीच्या रेषांच्या जागा खोक्याच्या आत चिकटवलेल्या आलेख कागदावर खुणा करून घेतल्या की अनोळखी रेषेची तरंगलांबी मोजता येते. फोन भोकाला लावून फोटोही काढता येतो. फक्त उजळपणा कमी करा, नाहीतर रेषा पांढऱ्या पडतात.

मग एलईडी बघा. ४५० च्या आसपास निळा उंचवटा, त्याच्यापुढे खोलगट भाग, मग हिरव्यापासून लालपर्यंत सलग पट्टा. इथे रेषा नाहीत, कारण निळा प्रकाश घन स्फटिकातून येतो आणि बाकीचा पिवळ्या लेपातून. गावात कुठे सोडियमचा जुना रस्त्यावरचा दिवा शिल्लक असेल तर तो जरूर दाखवा. उच्च दाबाच्या दिव्यात ५८९ च्या जागी उजळ रेष नसून काळी चीर दिसते, आणि तिच्या दोन्ही बाजूंना पिवळा प्रकाश पसरलेला असतो. मधल्या गरम वाफेतून निघालेला नेमका तोच प्रकाश बाहेरच्या थंड वाफेतले सोडियम अणू गिळतात. उत्सर्जन आणि शोषण एकाच दिव्यात दाखवणारा याहून स्वस्त प्रयोग नाही.

हायड्रोजनची नळी असेल तर ६५६, ४८६ आणि ४३४ या तीन रेषा मिळतात. ४१० ची दिसायला काळोख आणि तरुण डोळे लागतात. त्या नळीला काही हजार व्होल्ट लागतात, ती मुलांच्या हातात नको. सूर्याकडे खोका कधीच रोखू नका, उजळ ढगाकडे किंवा उन्हातल्या पांढऱ्या कागदाकडे रोखा.

प्रश्न : हेलियम विजयदुर्ग किल्ल्यावर सापडला, हे खरे का?
— वाचक, पेडणे

उत्तर : १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणाशी हेलियमची गोष्ट जोडलेली आहे, ते खरे. फ्रान्सचे खगोलशास्त्रज्ञ जान्सेन गुंटूरला होते, ब्रिटिशांचे एक पथक जमखंडीला. सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळांत एक पिवळी रेष दिसली आणि ती आधी सोडियमचीच समजली गेली. इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर त्या वर्षी इंग्लंडमध्येच होते. ऑक्टोबरात, ग्रहणाशिवाय, त्यांनी तीच रेष पाहिली आणि ती सोडियमच्या जागी बसत नाही हे ओळखले : सोडियम ५८९.० आणि ५८९.६, ही ५८७.६. पृथ्वीवर हेलियम रसायनशास्त्रज्ञ रॅम्झी यांना १८९५ मध्ये युरेनियमच्या खनिजात मिळाला. लॉकियर विजयदुर्गावर आले ते जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला, म्हणजे शोध लागून चुकल्यावर. दोन ग्रहणांची सरमिसळ होऊन ही समजूत रूढ झालेली दिसते.

रसायनशास्त्राच्या दृष्टीने गंमत पुढे आहे. ५८७.६ चा फोटॉन २.११ इलेक्ट्रॉनव्होल्टचा, जवळजवळ सोडियमएवढाच. पण सोडियमचा इलेक्ट्रॉन तळमजल्यावरून चढतो, हेलियमचा सुमारे २३ वरून २१ वर उतरतो. आधी २३ पर्यंत पोचवणे बर्नरच्या ज्योतीला जमणारे नाही. सूर्याच्या पृष्ठभागालाही ते पुरेसे जमत नाही, म्हणून त्याच्या नेहमीच्या काळ्या रेषांत हेलियम सापडला नव्हता. रेष सांगते ती दोन पातळ्यांमधला फरक; त्या पातळ्या किती उंचावर आहेत हे ती सांगत नाही.

प्रश्न : सूत्रे पाठ आहेत, पण गणितात कुठले कधी लावायचे तेच चुकते.
— अकरावीचा विद्यार्थी, मडगाव

उत्तर : सूत्र शोधण्याआधी विचार : ही ऊर्जा कोणाची, फोटॉनची की इलेक्ट्रॉनची? १२४० चा भागाकार फोटॉनचा. इलेक्ट्रॉनला वस्तुमान आहे, त्याची तरंगलांबी संवेगातून येते. त्यासाठीही सोपा आकडा आहे : गतिज ऊर्जेच्या (इलेक्ट्रॉनव्होल्टमधल्या) वर्गमुळाने १.२२६ ला भाग, उत्तर नॅनोमीटरमध्ये.

सोडियमच्या स्वच्छ पृष्ठभागावर ४०० नॅनोमीटरचा प्रकाश पडला. वर्क फंक्शन, म्हणजे इलेक्ट्रॉन धातूतून सोडवायला लागणारी किमान ऊर्जा, २.३ इलेक्ट्रॉनव्होल्ट धर. फोटॉन ३.१ चा. इलेक्ट्रॉन सुटल्यावर जास्तीत जास्त ०.८ उरतात. ज्यूलमध्ये १.२८ गुणिले १० चा उणे १९ वा घात, त्यावरून वेग सेकंदाला सुमारे ५३० किलोमीटर, आणि इलेक्ट्रॉनची तरंगलांबी १.३७ नॅनोमीटर. ०.८ ने १२४० ला भागलेस तर १५५० येतील, हजारपटीहून जास्त चूक. पेपर तपासताना ही चूक सगळ्यांत जास्त सापडते.

हायड्रोजनसाठी पातळीची ऊर्जा उणे १३.६ भागिले पातळीचा वर्ग. तिसरीवरून दुसरीवर : ३.४० वजा १.५१ म्हणजे १.८९; १२४० भागिले १.८९, आला लाल ६५६. ‘दुसरी उत्तेजित स्थिती’ म्हणजे तिसरी पातळी, दुसरी नव्हे. आणि पाचवीवरून खाली येताना दहा रेषा शक्य असतात त्या पुष्कळ अणूंच्या मिळून. एकच अणू जास्तीत जास्त चार फोटॉन देईल.

प्रश्न : लाल प्रकाश खूप प्रखर केला तर कधीतरी इलेक्ट्रॉन निघेलच ना? आणि हे वर्गात दाखवता येईल का?
— शिक्षक, काणकोण

उत्तर : साध्या दिव्यांनी निघणार नाही. ६५० नॅनोमीटरचा फोटॉन १.९ चा, सोडियमला २.३ हवेत. इलेक्ट्रॉन एका वेळी एकच फोटॉन घेतो आणि अपुरी ऊर्जा साठवून ठेवत नाही; प्रखरता वाढवली की अपुऱ्या फोटॉनांची संख्या तेवढी वाढते.

दाखवायला जस्ताची पट्टी आणि सुवर्णपत्र विद्युतदर्शी (प्रभार मिळाला की सोन्याची पातळ पाने फाकतात ते उपकरण) पुरेल. जस्ताला सुमारे ४.३ लागतात, म्हणजे २८८ नॅनोमीटरहून लहान तरंगलांबी. २५४ नॅनोमीटरचा जंतुनाशक दिवा चालतो, साधा ‘ब्लॅक लाइट’ नाही. पट्टी पॉलिश पेपरने चकचकीत घासा आणि दोन-चार मिनिटांतच प्रयोग करा, ऑक्साइडचा थर चढला की परिणाम मंदावतो. लोकरीवर घासलेल्या पीव्हीसी पाइपने पट्टीला ऋण प्रभार द्या. दिवा लावताच पाने मिटतात. मध्ये साधी काच धरली की मिटायची थांबतात. धन प्रभार देऊनही एकदा करून बघा, पाने हलणार नाहीत. जून ते सप्टेंबर हा प्रयोग ठेवू नका. दमट हवेत प्रभार आपोआप गळतो आणि दिवा न लावताच ‘निष्कर्ष’ मिळतो. जानेवारी उत्तम. दिवा समोरून उघड्या खोक्यात बसवा, उघडी बाजू पट्टीकडेच असू द्या. त्याचा प्रकाश डोळे आणि त्वचा भाजतो.

प्रश्न : ४एस आधी भरते, मग आयन होताना आधी ४एस मधूनच इलेक्ट्रॉन का जातात?
— बारावीची विद्यार्थिनी, वाळपई

उत्तर : कारण भरण्याचा क्रम एका अणूचा नाही, तो आवर्त सारणीत एका मूलद्रव्यावरून पुढच्यावर जाण्याचा आहे. पोटॅशियम आणि कॅल्शियममध्ये ४एस खरोखर खाली आहे. स्कँडियमपासून केंद्रातला प्रभार वाढतो आणि ३डी, केंद्राच्या जवळ असल्याने, झपाट्याने खाली ओढली जाते. स्कँडियमचे तिन्ही इलेक्ट्रॉन काढून एकेक परत घाल : पहिला ३डी मध्ये जातो, दुसरा ४एस मध्ये, तिसराही ४एस मध्ये. लहानशा ३डी मध्ये दुसरा इलेक्ट्रॉन कोंबण्याचे प्रतिकर्षण महाग पडते, म्हणून तो बाहेरच्या ऐसपैस ४एस मध्ये राहतो. काढताना तोच सर्वांत सैल.

क्रोमियमच्या ३डी५ ४एस१ ला पुस्तकात ‘अर्ध्या भरलेल्या उपकवचाची स्थिरता’ हे कारण देतात. परीक्षेत तेच लिही, एक्स्चेंज ऊर्जेचा (एकाच दिशेच्या फिरकीच्या इलेक्ट्रॉनांमुळे मिळणाऱ्या स्थिरतेचा) उल्लेख कर, गुण मिळतील. पण तो नियम म्हणून पुढे ताणू नकोस. त्याच गटात मॉलिब्डेनम ४डी५ ५एस१ आहे आणि त्याच्या खालचे टंगस्टन ५डी४ ६एस२.